अन्न तपासणीचे साहेब आले, तर शटर ओढू नका

रमजान सुरू व्हायला दहाएक दिवस होते. मोहल्ल्यातल्या बेकरीत आम्ही पाव घ्यायला थांबलो होतो. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरचा पोरगा धावत आला. "चाचा, एफडीएवाले आलेत. वरच्या गल्लीत आहेत."

चाचांनी एक शब्द विचारला नाही. गिऱ्हाइकांना हातानेच बाजूला केले, शटर अर्धे खाली ओढले आणि आतल्या कारागिरांना ओरडून सांगितले, "ते क्रीमचे ट्रे मागे न्या. अंडी झाका. वरच्या पोत्यांवर काहीतरी टाका." आम्ही आतच अडकलो. चाळीस वर्षे हा माणूस भट्टीपुढे उभा आहे. त्याच्या लादी पावावर आमच्या तीन पिढ्या वाढल्या. तो कुणाला खराब माल विकेल असे आम्हाला स्वप्नातही वाटत नाही. आणि तो चोरासारखा धावपळ करत होता.

पाच मिनिटांत अर्ध्या शटरखालून वाकून एक तरुण बाई आत आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, मागे एक मदतनीस. "मी अन्न सुरक्षा अधिकारी. शटर वर घ्या चाचा, उजेड हवाय मला."

पुढचा पाऊण तास आम्ही तिथेच एका पिंपावर बसून होतो.

मॅडमनी पहिल्यांदा मैद्याची पोती पाहिली. ती भिंतीला टेकवून थेट जमिनीवर रचलेली होती. आम्हाला वाटले, आता ओरडतील. त्यांनी चाचांनाच विचारले, "ही पोती भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून वर ठेवा असं आम्ही का सांगतो, माहितीये?" चाचा म्हणाले, "ओल लागू नये म्हणून." "ते तर आहेच. पण खरं कारण म्हणजे मागे काय आहे ते तुम्हाला दिसलं पाहिजे." त्यांनी मदतनिसाला एक पोते सरकवायला लावले. भिंतीच्या कडेला उंदराच्या लेंड्यांची एक रेघ होती. चाचा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच माहीत नव्हते. माहीत होण्याचा काही मार्गच नव्हता, कारण ती पोती वर्षानुवर्षे तिथेच रचली जात होती आणि वरून संपत होती.

मग फ्रीज. वरच्या कप्प्यात अंड्यांचे ट्रे आणि खाली केकवर लावायचे क्रीम. मॅडम म्हणाल्या, फोडलेल्या अंड्याचा एक थेंब खाली गळला तर तो भट्टीत जात नाही, थेट पोराच्या वाढदिवसाच्या केकवर जातो. कच्चे खाली, तयार वर, खर्च शून्य. मग फडके. टेबल पुसायचे, ट्रे पुसायचे आणि घामाने ओले हात पुसायचे, सगळ्याला एकच. मग एका कारागिराच्या बोटावरची चिंधी. त्या मुलाला त्यांनी जवळ बोलावले, जखम पाहिली आणि चाचांना सांगितले की अशा पिकलेल्या जखमेतले जंतू क्रीममध्ये गेले तर ते तिथे विष तयार करतात. ते विष नंतर तापवूनही जात नाही. जखम भरेपर्यंत या मुलाला क्रीमच्या कामाला लावू नका, पावाच्या पिशव्या भरायला लावा, त्याचा पगार कापू नका. हे शेवटचे वाक्य कोणत्याही नियमात नसावे, पण आम्हाला ते फार आवडले. पगार कापला जाणार असेल तर मुलगा जखम लपवणार, एवढे तर उघडच आहे.

चाचांनी शेवटी न राहवून विचारले, "मॅडम, चार वर्षांपूर्वी एक साहेब आले होते. त्यांनी हे काहीच सांगितलं नाही." मॅडमनी विचारले, "त्यांनी कागद दिला असेल ना?" चाचांनी गल्ल्याचा खण उपसला. तळाशी दुमडलेला अहवाल निघाला. त्यावर चाचांची सही होती आणि त्यात "कच्चा माल जमिनीवर" ही ओळ लिहिलेली होती. सही करताना ती कुणी वाचून दाखवली नव्हती. चाचांनीही विचारले नव्हते. साहेब दहा मिनिटांत गेले, याचाच आनंद होता.

आमच्या मते या एका दुमडलेल्या कागदात सगळा प्रश्न आहे. तपासणी दोन्ही वेळा झाली. पहिल्या वेळी चाचांना भीती मिळाली, दुसऱ्या वेळी कारण मिळाले.

कायद्याचे थोडे सांगायला हवे, कारण आपल्या बाजारपेठेत त्याविषयी ऐकीव गोष्टीच जास्त चालतात. पूर्वी 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याचे नावच सांगते की त्याची नजर भेसळ पकडण्यावर होती. त्याची जागा 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि 2011 पासून त्याची नियमावली लागू झाली. त्या नियमावलीने हातगाडीवाला, घरगुती डबेवाली, छोटा बेकरीवाला या सगळ्यांना कायद्याच्या कक्षेत आणले. 2011 च्या त्या नियमावलीत वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना नुसती नोंदणी, फी वर्षाला 100 रुपये, त्यापुढे परवाना अशी रचना होती. स्वच्छतेचे नियम या नियमावलीच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. हातगाडीवाल्यासारख्या अगदी लहान व्यावसायिकासाठी त्यात वेगळा, सोपा भाग आहे. अधिकारी ज्या तक्त्यावर खुणा करतात तो तपासणीचा तक्ताही गुप्त नाही. एफएसएसएआयने तो जाहीर केलेला आहे. म्हणजे प्रश्नपत्रिका आधीच हातात आहे, आणि तरी आपण परीक्षेच्या दिवशी शटर ओढतो.

आठवड्याभरात चाचांना कार्यालयातून सुधारणा नोटीस आली. घरात रडारड झाली. चाचींनी तर रमजानचा धंदा बुडाला असेच धरले. पुतण्या नोटीस घेऊन आमच्याकडे आला आणि आम्ही ती त्याच्यासोबत दोनदा वाचली.

कायद्याच्या 32 व्या कलमाखाली निघणाऱ्या या नोटिशीत काय काय असावे लागते ते ठरलेले आहे. अधिकाऱ्याला काय कमी दिसले, का दिसले आणि त्यासाठी काय करायचे, हे तिच्यात लिहावे लागते. मुदत किमान 14 दिवसांची द्यावी लागते. सुधारणा झाली नाही तरच पुढे परवाना निलंबित होतो आणि रद्द करण्याची पायरी त्याच्याही पुढची. निर्णय मान्य नसेल तर 15 दिवसांत अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येते. (ताबडतोब दुकान बंद करण्याचा अधिकारही कायद्यात आहे, पण तो लोकांच्या आरोग्याला तातडीचा धोका असेल तेव्हाचा.) थोडक्यात, नोटीस म्हणजे टाळे नव्हे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात खाण्याचा धंदा आहे त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

आणि त्याच कलमात काही शब्द आहेत ज्यांच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. सांगितलेले उपाय करा, "किंवा निदान त्यांच्या तोडीचे" उपाय करा, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. चाचांच्या नोटिशीत भट्टीलगतच्या भिंतीला फरशा लावा असे होते. खर्च काढला तर चाचांना घाम फुटला. नियमाला हवे काय? भिंत गुळगुळीत असावी, पाणी न शोषणारी, धुता येणारी. आम्ही पुतण्याला म्हटले, साध्या मराठीत अर्ज लिही की फरशांऐवजी सिमेंटने भिंत घोटून धुता येईल असा ऑइल पेंट मारतो, चालेल का? त्याने लिहिला. मॅडमनी येऊन भिंत पाहिली आणि चालेल म्हणाल्या. पोत्यांसाठी वखारीतून जुन्या लाकडी फळ्या आणल्या. हात धुवायचे बेसिन होतेच, त्यावर रिकामी भांडी रचलेली होती. ती हलवली आणि साबण ठेवला. कारागिरांची वर्षाला एकदा करायची वैद्यकीय तपासणी राहिली होती, ती करून प्रमाणपत्रे घेतली. नानखटाई बांधायचा जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा रद्दीत गेला, कारण छपाईची शाई तुपकट पदार्थात उतरते. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असे एफएसएसएआयने 2016 मध्येच सांगितले आहे. रमजानच्या पहिल्या दिवशी बेकरी उघडी होती.

इथवर वाचून कुणी म्हणेल, तुम्हाला चांगल्या बाई भेटल्या. खरे आहे. सगळीकडे तसे नसते. नियमावली म्हणते, नोंदणी असलेल्या धंद्याची वर्षातून निदान एकदा तपासणी व्हावी. प्रत्यक्षात अनेक दुकानदारांनी वर्षानुवर्षे अधिकारी पाहिलेलाच नसतो, आणि मग ईदच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर एकदम चार गल्ल्यांत धाडी पडतात, फोटो छापून येतात. असे झाले की शिकणे संपते. धाडीत माणूस शिकत नाही, लपवतो. शिवाय पाकिटाची गोष्ट आहे. ती नाही असे म्हणून आम्ही वाचकांना फसवणार नाही. पण पाकीट दिल्याने साहेब जातात, उंदीर जात नाहीत. ज्याने पैसे दिले त्याने आपल्या दुकानातला दोष कळण्याची संधीही विकत देऊन टाकली. आपल्या लोकांत आणखी एक बोलले जाते, की आमच्याच मोहल्ल्यात का येतात? कधी या तक्रारीत तथ्यही असेल. त्याला उत्तर म्हणजे अहवालाची प्रत मागून घेणे, तारखेसह जपून ठेवणे आणि चुकीचे असेल तिथे लेखी हरकत घेणे. तोंडी कुरकुर केली तर ती टपरीवरच राहते.

चाचांच्या अनुभवाचा खरा फायदा मात्र दुसऱ्याच माणसाला झाला. आमच्या भागात शादी-वलीम्याच्या देगा लावणारे एक बावर्ची आहेत. त्यांना दुकान नाही, पाटी नाही. मांडवात चूल पेटवतात, काम झाले की देगा टेम्पोत घालून निघून जातात. अशा माणसाकडे तपासणीला कोण आणि कुठे जाणार? ते बेकरीत पाव घ्यायला आले, चाचांनी त्यांना मॅडमच्या गोष्टी सांगितल्या आणि बावर्ची हसले. "आमचं सगळं आगीवरचं असतं चाचा. आगीत काय जगतंय?"

पुतण्या तोवर अन्न सुरक्षेचे एक दिवसाचे प्रशिक्षण घेऊन आला होता. एफएसएसएआयचा फॉस्टॅक नावाचा हा कार्यक्रम 2017 पासून चालतो आणि परवानाधारक ठिकाणी दर 25 कामगारांमागे निदान एक प्रशिक्षित माणूस असावा अशी अपेक्षा आहे. तो म्हणाला, "चाचा, तांदळात जगतं." तांदळावर मातीतला एक जंतू असतो. त्याची बीजे भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. गोश्ताच्या मोठ्या देगीतही असाच एक जंतू असतो. तो हवेशिवाय, रश्शाच्या तळाशी, हळूहळू निवणाऱ्या उष्णतेत वाढतो. म्हणून नियम सांगतो की शिजलेले अन्न 60 अंशांच्या वर गरम ठेवा किंवा 5 अंशांच्या खाली गार. मधला सगळा पट्टा धोक्याचा.

बावर्ची गप्प झाले. दुपारी दोनला उतरलेली देग, रात्री आठला वऱ्हाड, आणि उरलेली बिर्याणी दुसऱ्या दिवशी सकाळी नातेवाइकांकडे, हे आपल्याकडे किती सहज होते! आणि कुणाला उलट्या झाल्या की आपण म्हणतो गोश्त जड गेले, तेल नवे होते, नजर लागली. देगीकडे कुणी बोट दाखवत नाही. आता हे गृहस्थ देग उतरवण्याची वेळ जेवणाच्या वेळेशी जुळवून घेतात, दम दिलेल्या देगीखाली निखारे ठेवतात, आणि उरलेले अन्न देगीत न ठेवता लगेच पसरट परातींत काढून निववायला आणि मग फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात. यजमान कुरकुरतात, भांडी वाढतात. त्यांच्या दारात अजून एकही अधिकारी आलेला नाही.

मोहल्ल्यातल्या एक खाला घरूनच समोसे आणि शामी कबाब करून देतात. शौहर गेल्यापासून दोन मुलींचे शिक्षण त्या कबाबांवर चालू आहे. नोंदणीचे नाव काढले की त्या हात जोडत. "घराचा पत्ता त्यांना कळला म्हणजे ते घरात येतील. पडद्याचं घर आहे आमचं." आम्ही त्यांना समजावले की नोंदणी नसताना कुणी तक्रार केली तर जे होते ते यापेक्षा वाईट. भरवशाचा मार्ग म्हणजे अर्ज करून नंबर घेणे. पुतण्याने अर्ज भरून दिला. अधिकारी आले तर मुलगी घरी असताना या, एवढी विनंतीही करता येते. नंबर मिळाल्यावर खालांनी स्वतःच तपासणीचा तक्ता वाचून घेतला आणि एक दिवस आम्हाला विचारले, "कच्च्या खिम्याची पाटी आणि तळलेल्या कबाबांची पाटी वेगळी ठेवा लिहिलंय. मी तर त्याच परातीत परत ठेवते. म्हणजे इतकी वर्षं..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. दुसऱ्या दिवशी नवी परात आणली. सरबतासाठी बर्फ घेणाऱ्या मुलींनाही आता त्या सांगतात, निळा बर्फ आणायचा नाही. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून 2018 पासून महाराष्ट्रात तो निळा करणे सक्तीचे झाले, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होते? आम्हाला तरी खालांनीच सांगितले.

दुकानावर हलालची पाटी असते. ती ग्राहकाला एक गोष्ट सांगते. नोंदणीचा नंबर दुसरी गोष्ट सांगतो. दोन्ही पाट्या शेजारी शेजारी लागल्या तर एकीने दुसरीची जागा घेतली असे होत नाही.

कोकणातले आमचे एक नातेवाईक ब्रिटनमध्ये हॉटेलात स्वयंपाकी आहेत. ते सुट्टीवर आले तेव्हा चाचांच्या बेकरीत बसून त्यांनी तिकडची रीत सांगितली. तिथे तपासणीनंतर हॉटेलाला 0 ते 5 असे गुण मिळतात. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ते दारावर लावणे सक्तीचे आहे. गुण कमी वाटले तर 21 दिवसांत अपील करता येते, आपले म्हणणे मांडता येते, आणि सुधारणा करून पुन्हा तपासायला बोलावता येते. चाचांना सगळ्यात नवल या शेवटच्या गोष्टीचे वाटले. "आपणच बोलावायचं?" पण त्यांच्या कामी आली ती वेगळीच गोष्ट. तिथल्या अन्न विभागाने छोट्या हॉटेलांसाठी एक रोजनिशी तयार केली आहे. उघडताना आणि बंद करताना ठरलेल्या गोष्टी पाहायच्या आणि सही करायची. काही बिघडले असेल तरच ते लिहायचे आणि त्यावर काय केले तेही लिहायचे. पानेच्या पाने भरायची नाहीत.

चाचांनी दुसऱ्याच दिवशी शंभर पानी वही आणि फ्रीजमध्ये लटकवायचा थर्मामीटर आणला. लिहितो पुतण्या, सही चाचांची. सुरुवातीला महिनाभर रोज "सर्व ठीक" लिहिलेले होते. आम्ही चिडवले, की हे तर शाळेतल्या हजेरीसारखे झाले. मग एका पानावर "पोत्यामागे लेंड्या, पिंजरा लावला" अशी ओळ दिसली, आणि दोन दिवसांनी "एक सापडला".

यंदा त्या मॅडमची बदली झाली. रमजानच्या आधी नवे साहेब आले. चहावाल्या पोराने यंदाही धावत येऊन सांगितले. चाचांनी शटरला हात लावला नाही. साहेब आत आल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली आणि काउंटरवर वही ठेवली. साहेबांनी चार पाने चाळली, मग एका पानावर थांबले.

"बुधवारी फ्रीज 11 अंशांवर होता. मग काय केलंत?"

"रात्रभर लाइट नव्हती साहेब. क्रीम फेकून दिलं," चाचा म्हणाले. "खाली लिहिलंय, बघा."